सर्वश्रेष्ठ मारा कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशी या गावाची रीत आहे. तीस वर्षे आम्ही ती पाळली. यंदा चालकांनी आम्हांस पुढे आणून उभे केले आहे. आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. पण त्यावर आम्ही वर्षभर कारखान्यांच्या दारांत बोलतच असतो. म्हणून म्हटले, एक दिवस क्रिकेटवर बोलू द्या. चालक हसले, परंतु नाही म्हणाले नाहीत. मात्र माणूस कोठेही गेला तरी आपल्या धंद्याचे हत्यार बरोबर घेऊन जातो. तेव्हा क्रिकेटवरून आम्ही मधूनच कामगारांकडे वळलो, तर तो दोष आपण पोटात घालावा.

प्रश्न साधा आहे. कसोटी क्रिकेट १८७७ साली सुरू झाले. तेव्हापासून आजपर्यंत गोलंदाजीचा सर्वांत श्रेष्ठ मारा कोणता? सर्वांत श्रेष्ठ गोलंदाज कोण, हा प्रश्न निराळा. मारा म्हणजे तीन-चार माणसांनी मिळून केलेले काम. एकट्याच्या कामाचे मोजमाप पुस्तकात आयते मिळते. मिळून केलेल्या कामाचे मोजमाप करावयाचे तर थोडे डोके चालवावे लागते.

या प्रश्नाची आम्हांस पहिली ओळख झाली ती नोव्हेंबर १९८३ मध्ये. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. वडील मुंबईत गिरणीकामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हापासून ते घरी होते. नाक्यावरील पानवाल्याकडे रेडिओ होता. त्याच्यापुढे ते दिवसभर उभे असत. अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना चालला होता. कपिलदेवने एका डावात ८३ धावा देऊन ९ बळी घेतले आणि वेस्ट इंडीजला २०१ धावांत गुंडाळले. आम्ही मुले नाक्यावर नाचलो. भारताला जिंकावयास २४२ धावा हव्या होत्या. सगळे मिळून झाल्या १०३. सामना १३८ धावांनी गेला. वडील म्हणाले, “आपल्याकडं कपिल एकटा. त्यांच्याकडं एक दमला की दुसरा येतो. एकट्यानं सामना निघत नाही, बाळ.” हे वाक्य आम्ही पुढे पुष्कळ सभांत वापरले आहे. ते मूळचे क्रिकेटविषयीचे, हे आज प्रथमच सांगतो.

आता रसिक मंडळी काय करतात ते पाहू. ती कागद घेऊन बसतात आणि चार नावे लिहितात. पहिले नाव इंग्लंडच्या सिडनी बार्न्सचे : २७ कसोटींत १८९ बळी, सरासरी १६.४३. दुसरे माल्कम मार्शलचे, तिसरे शेन वॉर्नचे, चौथे मुरलीधरनचे. नावे ठेवावयास जागा नाही. परंतु बार्न्स १९६७ साली ९४ वर्षांचा होऊन वारला, तेव्हा मार्शल नऊ वर्षांचा पोर होता. या चौघांनी मिळून कधी एक षटकही टाकले नाही. पत्रिका उत्तम जुळल्या, पण लग्न लागलेच नाही, असा हा प्रकार आहे.

शिवाय कागदाला आणखी एक खोड असते. जो कागदावर आलाच नाही, त्याला कागद ओळखत नाही. आपले बाळू पालवणकर घ्या. पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदान राखण्याच्या नोकरीपासून सुरुवात करून हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चर्मकार जातीत जन्मलेल्या या माणसाच्या हातचा चेंडू सवर्ण सोबत्यांना चालत असे. विटाळ आठवे तो चहाच्या वेळी. त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. भारताची पहिली कसोटी १९३२ सालची. तोवर त्यांचा काळ सरला होता, म्हणून कसोटीच्या कोष्टकात बाळूंचे नाव नाही. तेव्हा कोष्टके वाचावीत जरूर; परंतु त्यांना वेदवाक्य मानू नये.

आम्ही तीन कसोट्या ठरविल्या आहेत. एक : ती माणसे खरोखर एकत्र खेळलेली असली पाहिजेत. दोन : दोन्ही टोकांकडून फलंदाजास उसंत मिळता कामा नये. तीन : एखादा गडी आजारी पडला किंवा निघून गेला, तरी काम थांबता कामा नये. कोणतीही संघटना आम्ही याच तीन प्रश्नांनी तपासतो.

यांतली दुसरी कसोटी थोडी उलगडून सांगतो. गोलंदाजी एका वेळी एकाच टोकाने होत नसते. एकाचे षटक संपले की दुसरा समोरच्या टोकाकडून टाकतो. १९५६ साली मँचेस्टरला जिम लेकरने ऑस्ट्रेलियाचे ९० धावांत १९ बळी घेतले. त्या सामन्यात दुसऱ्या टोकाला टोनी लॉक होता. त्याने ६९ षटके टाकली आणि त्याला बळी मिळाला एक. लेकरचे नाव अजरामर झाले, लॉकच्या वाट्याला विनोद आले. परंतु त्या ६९ षटकांत लॉकने १०६ धावा दिल्या, म्हणजे षटकाला दोनही नव्हेत. समोरच्या बाजूला सुटकेची वाट नव्हती, म्हणून फलंदाजांना लेकरपुढे उभे राहावे लागले.

आणि आपल्या नाशिकचे बापू नाडकर्णी! जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध. एका डावातले त्यांचे पृथक्करण असे : ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. त्यांत लागोपाठ २१ षटके निर्धाव, आणि ओळीने १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकणारा हा माणूस होता. आता शून्य बळी घेणाऱ्यास आपण काय द्याल?

हा प्रश्न आम्ही एका साहेबास प्रत्यक्ष विचारलेला आहे. आम्ही तरुणपणी एका कारखान्यात यंत्रावर होतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे दर महिन्यास एक फळा लागे : कोणी किती नग काढले. पहिल्या तिघांस बक्षीस. आमच्या पाळीत एक वृद्ध कारागीर होते. ते सर्वांच्या हत्यारांना धार लावून देत, यंत्रे जुळवून देत. फळ्यावर त्यांच्या नावापुढे नेहमी शून्य. नवा साहेब आला, त्याने फळा वाचला आणि शून्यवाल्यास घरी बसविले. दोन महिन्यांत बाद मालाचा ढीग दाराशी लागला. आम्ही निवेदन घेऊन गेलो आणि सोबत नाडकर्ण्यांचे ते पृथक्करण लिहून नेले. साहेब सुदैवाने क्रिकेटचा शौकीन निघाला. कारागीर परत आले, आणि पुढे फळाही उतरला.

असो. आता उमेदवार पाहू.

पहिला उमेदवार १९३२-३३ मधील इंग्लंडचा. ऑस्ट्रेलियात ब्रॅडमनला आवरण्यासाठी कर्णधार जार्डिनने फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याचा बेत आखला. तो पार पाडला हॅरॉल्ड लारवुड आणि बिल व्होस यांनी. दोघेही नॉटिंगहॅमशायरच्या कोळसा-खाणींच्या मुलखातले. लारवुड चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. त्याने मालिकेत ३३ बळी घेतले. गबी ॲलन हा चौथा गोलंदाज हौशी, म्हणजे पगार न घेणारा. त्याने अंगावर चेंडू टाकण्यास साफ नकार दिला, आणि त्याचे काही बिघडले नाही. लारवुडला तो नकार परवडणारा नव्हता. परत आल्यावर माफीपत्रावर सही मागितली गेली ती लारवुडकडे. तो म्हणाला, कर्णधाराने सांगितले ते आम्ही केले, माफी कसली? तो इंग्लंडकडून पुन्हा कधी खेळला नाही. जार्डिन मात्र पुढच्याच हिवाळ्यात संघ घेऊन भारतात आला. १९५० साली लारवुड कुटुंबासह राहावयास गेला तो ऑस्ट्रेलियातच. असा हा मारा एका मालिकेत त्याच्याच धन्यांनी मोडला. त्यास आम्ही पहिला क्रमांक देऊ शकत नाही. सलाम मात्र करतो.

दुसरा उमेदवार घरचा : बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. चौघांचे मिळून ८५३ बळी. पोलिओने उजवा हात वाळलेला चंद्रशेखर त्याच हाताने चेंडू टाके आणि त्याचा चेंडू कोठे वळेल हे फलंदाजास कळत नसे. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलला त्याने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये संपविले. परंतु या माऱ्याचा एक भागीदार आम्हांस विसरता येत नाही. तो म्हणजे फलंदाजाच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर उभा राहणारा एकनाथ सोलकर. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी. मुलगा त्याच मैदानाच्या कडेला वाढला. २७ कसोटींत ५३ झेल, आणि डोक्यावर शिरस्त्राणही नाही. ओव्हलच्या त्याच डावात त्याने पुढे झेपावून नॉटचा जो झेल घेतला, तो जुन्या माणसांना अजून दिसतो.

इतके असून आम्ही या चौकडीस पहिला क्रमांक देत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. चौघे एकत्र खेळले तो सामना एकच : जुलै १९६७, बर्मिंगहॅम. त्यातही नवा चेंडू टाकावयास कोणी नव्हते, म्हणून बुधी कुंदरन या मूळच्या यष्टिरक्षकास टाकावयास लावला. सामना १३२ धावांनी गेला. चार उत्तम कारागीर आणि भट्टी पेटवावयास कोणी नाही, अशी स्थिती.

तिसरा उमेदवार ऑस्ट्रेलियाचा : मॅग्रा आणि वॉर्न. दोघे एकत्र १०४ कसोटी खेळले आणि त्यांत दोघांनी मिळून १००१ बळी घेतले. तिसरा गिलेस्पी, २५९ बळींचा धनी. पहिल्या दोन कसोट्यांना हे पुरेपूर उतरतात. तिसरीत मात्र अडखळतात. ऑगस्ट २००५ मध्ये बर्मिंगहॅमच्या सामन्याच्या सकाळी सराव करताना मॅग्राचा पाय चेंडूवर पडून घोटा मुरगळला. त्या मालिकेत तो दोन सामने खेळला नाही. ऑस्ट्रेलिया ते दोन्ही हरली, आणि मालिकाही गेली.

या तिसऱ्या कसोटीचे अगदी अलीकडचे दुखणे आपल्या घरातले आहे. जसप्रीत बुमरा २०२४ च्या डिसेंबरात २०० बळींचा टप्पा ओलांडता झाला, तोही वीसच्या आतल्या सरासरीने. इतके बळी इतक्या कमी सरासरीने त्यापूर्वी कोणी घेतले नव्हते. त्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात त्याने पाच कसोटींत ३२ बळी घेतले. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या शेवटच्या डावात, ऑस्ट्रेलियास १६२ धावा हव्या असताना, त्याची पाठ धरली. तो एकही चेंडू टाकू शकला नाही. सामना गेला, मालिका ३-१ अशी गेली. बेचाळीस वर्षांपूर्वी नाक्यावर ऐकलेले वाक्य आम्हांस आठवले.

आता आमची निवड. आपण ती ओळखली असेलच : १९८० च्या सुमाराचा वेस्ट इंडीजचा मारा. ॲण्डी रॉबर्ट्स, मायकेल होल्डिंग, जोएल गार्नर, माल्कम मार्शल.

या माऱ्याच्या जन्मात आपलाही हात आहे. १९७५-७६ साली लिली आणि थॉमसन या वेगवान जोडीने ऑस्ट्रेलियात वेस्ट इंडीजला ५-१ असे झोडपले. लगोलग एप्रिल १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कर्णधार क्लाइव्ह लॉइडने तीन फिरकी गोलंदाज घेऊन भारतापुढे ४०३ धावांचे आव्हान ठेवले. भारताने ४ बाद ४०६ केल्या. गावसकर १०२, विश्वनाथ ११२. त्या दिवसापासून लॉइडचा फिरकीवरचा विश्वास उडाला. पुढच्याच सामन्यात, किंग्स्टनला, त्याने वेगवान गोलंदाज सोडले. अंशुमन गायकवाड ८१ धावांवर कानावर चेंडू बसून इस्पितळात गेला. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल जखमी झाले. दुसऱ्या डावात भारताचे पाच गडी फलंदाजीसच येऊ शकले नाहीत आणि डाव ९७ वर संपला.

हे आम्ही झाकून ठेवणार नाही. ज्या यंत्राने माणसे जायबंदी होतात, त्या यंत्राचे कौतुक करताना कामगार-संघटनेच्या माणसाने जपून बोलावे. पुढे शिरस्त्राणे आली, आणि १९९१ साली एका षटकात एका फलंदाजास एकच उसळता चेंडू, असा नियम झाला. यंत्रास जाळी बसविण्याचा कायदा आम्हांस कधीही स्वागतार्हच वाटतो. परंतु या मंडळींची थोरवी केवळ भीतीवर उभी नव्हती. नुसत्या भीतीने एखादी मालिका निघते; पंधरा वर्षे निघत नाहीत. १९८० च्या आरंभी न्यूझीलंडमध्ये हरल्यानंतर १९९५ पर्यंत वेस्ट इंडीज एकही कसोटी-मालिका हरले नाहीत.

चौघांचे काम निरनिराळे होते. रॉबर्ट्स अबोल आणि विचारी. त्याच्याकडे उसळते चेंडू दोन प्रकारचे. पहिला जरा हळू. फलंदाज तो मारतो आणि खुशीत येतो. मग तसाच दिसणारा दुसरा येतो, अधिक वेगाने. होल्डिंग धावत येई तेव्हा पंचांना त्याच्या पावलांचा आवाज येत नसे. १९७६ साली ओव्हलच्या निर्जीव खेळपट्टीवर, जेथे इतरांच्या हाती काही लागत नव्हते, त्याने १४९ धावांत १४ बळी घेतले. मार्शल या सर्वांत बुटका, पण चेंडू दोन्ही बाजूंनी हलविणारा. त्याचे ३७६ बळी, सरासरी २०.९४. १९८४ साली लीड्सला त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला. सोबती गोम्स ९६ वर होता आणि नऊ गडी बाद झाले होते. मार्शल एका हातात बॅट धरून मैदानात आला, गोम्सचे शतक पुरे झाले. मग हाताला प्लास्टर असताना त्याने ५३ धावांत ७ बळी घेतले. दुसऱ्या टोकाला उभे राहणे म्हणजे काय, हे शिकवावयाचे झाले तर आम्ही हीच गोष्ट सांगू.

आणि गार्नर. सहा फूट आठ इंच उंच. ५८ कसोटींत २५९ बळी, सरासरी २०.९७. मार्शलच्या इतकीच! परंतु एका डावात पाच बळी त्याने घेतले ते फक्त सात वेळा, आणि एका सामन्यात दहा बळी एकदाही नाहीत. याचा अर्थ काय? याचा अर्थ तो दोन येथे, तीन तेथे असे घेत राहिला आणि मथळे इतरांना मिळू दिले. सुरुवातीचे दोघे थकून गेल्यावर फलंदाज श्वास घ्यावयास बघे, तेव्हा समोर गार्नर उभा असे. या माऱ्याचे रहस्य आम्ही गार्नरच्या त्या साताच्या आकड्यात पाहतो.

तिसरी कसोटी लावून पाहा. १९८३-८४ साली हे भारतात आले तेव्हा गार्नर आलाच नव्हता, रॉबर्ट्स थोडाच खेळला. तरी मार्शलने ३३ बळी घेतले आणि मालिका ३-० अशी जिंकली. आमचे वडील रेडिओपुढे म्हणत होते ते हेच.

ही एकी मैदानावर आपोआप उगवली नाही. १९७७ साली पॅकरने खेळाडूंना प्रथमच पोटभर मोबदला दिला. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका चालू असता मंडळाने पॅकरशी करार केलेल्या तीन खेळाडूंना जॉर्जटाऊनच्या कसोटीतून वगळले. लॉइडने कर्णधारपद सोडले. पॅकरचे बाकीचे गडीही खेळावयास उतरले नाहीत. रॉबर्ट्स, गार्नर आणि कॉलिन क्रॉफ्ट त्यांतच होते. याला इंग्रज पत्रकारांनी काय नाव दिले असेल ते असो. आम्ही त्याला संप म्हणतो. जे तिघांसाठी घरी बसले, ते पुढे एकमेकांसाठी मैदानात राबले.

आता आपण म्हणाल, क्रॉफ्टचे नाव निघालेच आहे, तर रॉबर्ट्सऐवजी तो का नको? रॉबर्ट्सचे २०२ बळी २५.६१ च्या सरासरीने. क्रॉफ्टचे १२५ बळी २३.३० ने. फळा वाचणारा साहेब क्रॉफ्टलाच घेईल. परंतु तोच क्रॉफ्ट १९८३ साली पैशासाठी दक्षिण आफ्रिकेत खेळावयास गेला, जेथे काळ्या माणसास बसावयाचा बाकही वेगळा होता. त्याच्यावर आजन्म बंदी आली. आम्ही त्याला शिव्या देणार नाही. संपात फुटलेले पुष्कळ लोक आम्ही जवळून पाहिले आहेत; चूल विझली की माणूस काय करील, हे आम्ही आमच्या चाळीत पाहिले. त्याच बेटांतल्या रिचर्ड्सने तेच पैसे नाकारले, हेही आम्ही विसरत नाही. आमच्या यादीत रॉबर्ट्स आहे तो मात्र दुसऱ्याच कारणाने. धाकट्यांना त्याने विद्या दिली. होल्डिंगने हे ऋण वेळोवेळी बोलून दाखविले आहे. शिकविलेल्या हाताचे बळी शिकविणाऱ्याच्या खात्यावर पडत नाहीत. आणि ही विद्या पुढे चालू राहिली. मार्शलनंतर अँब्रोज ४०५, वॉल्श ५१९. पंधरा वर्षे टिकणारी गोष्ट अशीच टिकते.

हे चौघे एकत्र दिसले त्याचे एक चित्र सांगून संपवितो. फेब्रुवारी १९८३, किंग्स्टन, पुन्हा भारतच समोर. शेवटच्या दिवशी चहापानाला भारत ६ बाद १६८. सामना अनिर्णित राहणार असे सर्वांनी धरलेले. चहापानानंतर रॉबर्ट्सने चेंडू हाती घेतला. सहा धावांत चार बळी गेले, १७४ सर्वबाद. मग १७२ धावा त्यांनी २६ षटकांच्या आत काढून सामना जिंकला. चौघांत तो सर्वांत वडील होता, आणि ते त्याचे शेवटचे दिवस होते.

आमची निवड आपण मानलीच पाहिजे असे नाही. अध्यक्षमहाराज तर बेदी-प्रसन्नांचे भक्त आहेत. ते समारोपात आमचा समाचार घेतीलच. आमची विनंती एवढीच की, यापुढे सामना पाहताना बळी पडला म्हणजे आधीचे षटक कोणी टाकले होते तेही पाहावे. आणि उद्या आपापल्या कचेरीत, कारखान्यात, घरात गेल्यावर ज्याच्या नावापुढे शून्य लिहिले आहे त्याच्याकडे एकदा नीट बघावे.